ओला कचरा आवारातच जिरवण्यासाठी सोसायटीला सोबत कसे घ्यावे

आपल्या इमारतीतल्या कोणत्याही घराची बेल वाजवून 'कचरा वेगळा करावा असे तुम्हाला वाटते का' असे विचारले, तर नाही म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. तरीही सकाळी दारांबाहेर ठेवलेल्या डब्यांची झाकणे उघडून पाहिली, तर भाजीच्या देठांमध्ये दुधाच्या पिशव्या आणि चहाच्या चोथ्यात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सापडतात. लोकांना पटलेले नाही असे समजून आपण पटवत राहतो, आणि तिथेच आपले श्रम वाया जातात, कारण बहुतेकांना ते केव्हाच पटलेले असते. अडते ते ओट्याखालच्या जागेपाशी, सकाळच्या घाईपाशी आणि 'बाकीचे कुठे करतात' या समजापाशी. हा लेख त्या तीन अडचणींवर काम कसे करावे याविषयी आहे. उदाहरण म्हणून मी पन्नास-साठ घरांची शहरी सोसायटी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण तिचाच मला जवळून अनुभव आहे.

सुरुवात एकाच कृतीपासून करावी. उत्साहाच्या भरात आपण प्लास्टिक, वीज, पाणी, झाडे आणि वाहने असे सगळे विषय एका पत्रकात घालतो, आणि दहा गोष्टी ऐकलेला माणूस एकही करत नाही. जी कृती प्रत्येक घरात रोज घडते, जिला एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही आणि जिचा परिणाम आपल्याच आवारात डोळ्यांना दिसतो, ती निवडावी. ओल्या कचऱ्याचे खत या तिन्ही कसोट्यांना उतरते. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात वजनाने निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला असतो. तो कचरा डेपोवरच्या ढिगाखाली दबला की हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट प्रभावी असतो आणि कचऱ्याच्या ढिगांना लागणाऱ्या आगींनाही तोच खतपाणी घालतो. मुंबईत १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारच्या कचराभूमीवर जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. पुण्याच्या कचऱ्याचा वास आणि दूषित पाणी उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसले, त्यासाठी आंदोलने केली. आपण ज्याला 'कचरा गेला' म्हणतो, तो कोणाच्या तरी विहिरीपाशी जाऊन पोहोचलेला असतो, आणि या कामामागची माझी स्वतःची कळकळ तिथूनच आलेली आहे.

आधी स्वतःच्या घरात तीन महिने

शेजाऱ्यांशी एक शब्दही बोलण्यापूर्वी आपल्या गच्चीत किंवा बाल्कनीत दोन बादल्या ठेवून खत करून पाहावे. गाडगेबाबा गावात आले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडायला घेत आणि कीर्तन त्यानंतर संध्याकाळी होई. हा क्रम उलटा असता, तर ऐकणाऱ्यांनी मान डोलावली असती आणि रस्ता तसाच राहिला असता. स्वतः केलेल्या माणसाला चुकांची खरी माहिती असते, आणि शेजारी नेमके तेच विचारणार असतात. माझ्या पहिल्या बादलीला दहाव्या दिवशी वास सुटला, कारण मी सुका पाला जवळजवळ घातलाच नव्हता आणि कलिंगडाची साले तशीच टाकली होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली, ती रास्तच होती. पुढे सभेत वासाचा प्रश्न निघाला, तेव्हा वास का सुटतो आणि दोन दिवसांत कसा जातो हे मी अनुभवाने सांगू शकलो. त्या उत्तराचा उपयोग कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक झाला.

मग आठवडाभर फक्त विचारपूस

कचऱ्याचा प्रवास कोणाच्या हातांतून होतो, हे एका वहीत लिहून काढावे. अनेक घरांत डबा घरमालक भरत नाहीत, तो घरकामाला येणाऱ्या ताई भरतात. काही घरांत कचरा नीट वेगळा ठेवलेला असतो, पण घाईत दोन्ही डबे एकाच पिशवीत रिकामे होतात. ज्या व्यक्तीच्या हातून काम होते तिच्याशी कोणी बोललेलेच नसते, आणि सगळ्या सूचना मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत राहतात. म्हणून घरकाम करणाऱ्या ताई, सफाई करणारे कामगार, सुरक्षारक्षक आणि कचरा न्यायला येणाऱ्या वेचक महिला यांच्याशी आधी बोलावे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या महिलांची संघटना म्हणून काम करत आहे आणि त्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. मिसळलेल्या कचऱ्यातून विकण्याजोगा माल वेगळा काढताना हात कुठे कापतो आणि कोणत्या वस्तूला भाव मिळतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

घरांमध्ये विचारताना 'का करत नाही' असा प्रश्न टाळावा. त्याने माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि मिळणारे उत्तर खरे नसते. 'डबा किती वाजता बाहेर ठेवता', 'तो कोण ठेवते', 'दुसरा डबा ठेवायचा झाला तर कुठे मावेल' असे साधे प्रश्न विचारावेत. आमच्याकडच्या एका आजींनी मला सांगितले होते, "बाळा, दोन डबे मला चालतील रे, पण ओट्याखाली एकच मावतो." त्या एका वाक्याने आमची योजना बदलली. सुका कचरा कुजत नाही, त्यामुळे तो रोज बाहेर काढण्याची गरज नसते. त्याच्यासाठी डब्याऐवजी बाल्कनीच्या दारामागे खुंटीला एक मोठी कापडी पिशवी अडकवली आणि आठवड्यातून दोनदा ती देण्याची पद्धत ठेवली की ओट्याखाली एकच डबा पुरतो.

सहा-सात घरांची पहिली फळी

सगळ्या सोसायटीला एकदम हात घालू नये. निरनिराळ्या मजल्यांवरची आणि निरनिराळ्या परिस्थितीतली सहा-सात घरे निवडून तिथे महिनाभर काम चालवावे. त्यांत एक लहान मूल असलेले घर असावे, दोघेही नोकरी करणारे एक जोडपे असावे, एक निवृत्त दांपत्य असावे आणि शक्य असेल तर एक भाडेकरू असावा. सगळीच घरे बागकामाची हौस असणाऱ्यांची निवडली, तर इतरांना 'त्यांना वेळ आहे, आम्हाला नाही' असे म्हणायला जागा राहते. मी आणखी एक गोष्ट आग्रहाने सुचवेन. ज्याच्या शब्दाला वजन आहे पण ज्याच्या मनात शंका आहे, असे एक घर या फळीत मुद्दाम घ्यावे. त्या घराने महिनाभर करून 'जमते' असे म्हटले की पुढची निम्मी चर्चा वाचते.

करणे सोपे, न करणे अवघड

माणसाच्या सवयी वस्तू कुठे ठेवली आहे यावर जितक्या अवलंबून असतात, तितक्या त्याच्या विचारांवर नसतात. म्हणून पैसे उभारायचे तर ते आधी डब्यांसाठी उभारावेत. प्रत्येक घराला झाकण असलेला एकाच रंगाचा ओल्या कचऱ्याचा डबा सोसायटीच्या खर्चाने द्यावा. डब्यात प्लास्टिकची पिशवी घालायची नाही, तळाशी वर्तमानपत्राचा कागद घालायचा, हे देतानाच दाखवावे. झाकणावर शब्दांऐवजी चित्रे चिकटवावीत, कारण डबा भरणाऱ्या प्रत्येकाला मराठी किंवा इंग्रजी वाचता येतेच असे नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत. पुण्यातल्या वेचक महिलांनी रुळवलेली ही खूण आहे आणि ती पाहिली की कोणालाही ते पुडके उघडून पाहावे लागत नाही. बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूबलाइट आणि मुदत संपलेली औषधे यांच्यासाठी सुरक्षारक्षकाच्या चौकीजवळ एक पेटी पुरते.

कचरा उचलण्याची वेळ ठरावीक असावी आणि मिसळलेला डबा उचलला जाणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. मात्र नाकारताना डबा नुसता तसाच सोडून जाऊ नये. 'आज पिशवी आत राहिली होती, उद्या वेगळी काढून ठेवाल का' अशी छोटी चिठ्ठी लावावी. हे नम्रतेने पण न चुकता झाले पाहिजे. एकदा सूट दिली की ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोहोचते.

खताची टाकी: इथे चूक झाली तर सगळेच फसते

लोकांना प्रवृत्त करण्याच्या लेखात टाकीच्या बांधणीविषयी इतके का लिहावे, असे वाटू शकते. पण मोहिमा भाषणांअभावी बंद पडत नाहीत, त्या वासाने बंद पडतात. एका घरातून रोज सरासरी अर्धा किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर साठ घरांचा तीस किलो होतो. त्यासाठी चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशा जाळीदार विटांच्या तीन-चार टाक्या लागतात. विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवाव्यात म्हणजे हवा खेळती राहते. तळाला पाणी निथळण्याची सोय आणि वर पावसापासून आडोसा देणारा पत्रा असावा. जागा कोणाच्याही खिडकीखाली नसावी आणि पाण्याच्या टाकीपासून दूर असावी.

सर्वांत खाली नारळाच्या शेंड्या आणि बारीक काटक्यांचा वीतभर थर द्यावा. त्यावर रोजचा ओला कचरा पसरावा आणि त्याच्या जवळपास तेवढ्याच आकारमानाचा सुका पाला घालून तो पूर्ण झाकावा. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन अधिक असतो आणि पाल्यात कार्बन अधिक असतो. एका भाग नायट्रोजनला सुमारे तीस भाग कार्बन मिळाला की कुजण्याची क्रिया चांगली चालते, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. विरजण म्हणून आंबट ताक, शेणाचे पाणी किंवा आधीचे तयार खत यांपैकी काहीही चालते. आठवड्यातून एकदा ढीग वरखाली करावा. मूठभर मिश्रण दाबून पाहावे. बोटांतून पाणी ठिबकले तर पाला वाढवावा, मूठ उघडताच ते भुरभुरले तर थोडे पाणी शिंपडावे. चार-सहा दिवसांत ढिगाच्या मध्यभागातून वाफ येऊ लागते आणि हात घातला तर चटका जाणवतो. हे काम नीट चालल्याचे लक्षण आहे. टाकी भरल्यानंतर साधारण दोन ते तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत चाळायला मिळते.

शिळे अन्न थोडे असेल तर ढिगाच्या मध्यभागी पुरून वर भरपूर पाला घालावा. तेलकट रस्सा मात्र निथळूनच टाकावा. शहाळी आणि करवंट्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण त्या कुजायला फार वेळ घेतात. ढिगात कधी राखाडी रंगाच्या जाड अळ्या दिसतात आणि लोक घाबरतात. त्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत आणि कचरा फार वेगाने खाऊन संपवतात. हे आधीच सांगून ठेवलेले असले की तक्रार येत नाही, नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

सर्वांत महत्त्वाची तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी लागते. त्या दिवसांत झाडांची पानगळ होते आणि तोच पाला अनेक ठिकाणी जाळला जातो. तो पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवला नाही, तर जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या कचऱ्यावर घालायला काहीच उरत नाही आणि ऐन पावसाळ्यात टाकीला वास सुटतो. टाकी सांभाळणाऱ्या कामगाराला या कामाचे वेगळे वेतन, हातमोजे आणि गमबूट द्यावेत. त्याच्या आधीच्या पगारात हे काम गुपचूप जोडणे अन्यायाचे आहे आणि तसे जोडलेले काम टिकतही नाही.

कोणत्या शब्दांत बोलावे

आपण हमखास एक चूक करतो. ग्रुपवर घाणीचे छायाचित्र टाकून 'आपल्याकडे ऐंशी टक्के लोक कचरा वेगळा करत नाहीत' असे रागाने लिहितो. वाचणाऱ्याला त्यातून 'न करणारे बहुसंख्य आहेत' एवढेच कळते आणि तो निर्धास्त होतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात लोक जीवाश्म झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेत असत. तिथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चालडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे फलक लावून पाहिले. 'अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यान बदलले आहे' अशा अर्थाच्या फलकापाशी चोरी अधिक झाली आणि 'कृपया नेऊ नका' एवढेच सांगणाऱ्या फलकापाशी ती कमी राहिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना वीज का वाचवता असे विचारले, तेव्हा शेजाऱ्यांचा प्रभाव हे कारण त्यांनी सर्वांत शेवटी ठेवले. प्रत्यक्षात त्यांच्या वापराशी सर्वाधिक जुळणारी गोष्ट शेजारी काय करतात हीच होती.

म्हणून आकडा लहान असला तरी करणाऱ्यांचाच सांगावा आणि तो वाढता असेल तसा सांगावा: 'गेल्या महिन्यात सात घरे होती, आता एकोणीस आहेत.' पृथ्वीच्या विनाशाची भाषा मी सोसायटीत वापरत नाही. ती खोटी नाही, पण इतक्या मोठ्या संकटापुढे आपला डबा माणसाला अगदीच क्षुल्लक वाटू लागतो. जिन्यातला वास, उघड्या कचऱ्यावर येणारी कुत्री, वेचक ताईंचा कापलेला हात आणि कुंड्यांना मिळणारे खत या गोष्टी जवळच्या आहेत. संदेश पाठवण्यापेक्षा घरी जाऊन दहा मिनिटे बोलावे, आणि ज्या मजल्यावर जायचे तिथलेच कोणी सोबत घ्यावे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कापडी पिशवी किंवा खताची पुडी देता येते. गणपतीत निर्माल्याचा वेगळा कलश ठेवून त्याचे खत करता येते. अशा प्रसंगी भाषण करू नये. हाताला काही मिळते आणि डोळ्यांना काही दिसते, तेवढे पुरेसे असते.

मुलांना हाताशी धरून आईवडिलांना लाजवण्याचा मार्ग अनेकजण सुचवतात. मला तो पटत नाही. मुलांना टाकी दाखवावी, पाला वेचायला आणि खत चाळायला बोलवावे, पण घरात पहारेकरी म्हणून त्यांना उभे करू नये.

सभेचा ठराव आणि पैशाचा हिशोब

निम्म्याच्या आसपास घरे आली की विषय सर्वसाधारण सभेत न्यावा, त्याआधी नेऊ नये. घरांना कचरा उगमापाशीच वेगळा करायला सांगणारे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने केले आहेत, हे सभेत सांगावे, पण कायद्याचा धाक हा पहिला मुद्दा करू नये. हिवरे बाजारचा क्रम इथे उपयोगी पडतो. तिथे श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांतून पाणी वाढताना गावाने पाहिले, आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांवरचे किंवा शेतीसाठी बोअर घेण्यावरचे निर्बंध ग्रामसभेने स्वतः मान्य केले. असे निर्बंध टिकतात, कारण ते कोणा एकाच्या चांगुलपणावर सोपवलेले नसतात.

सभेपुढे टाकीचा खर्च, कामगाराचे वेतन आणि दरमहा प्रत्येक घरावर पडणारी रक्कम असा स्पष्ट हिशोब एका पानावर ठेवावा. पुण्यासारख्या काही महापालिका खतप्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना सर्वसाधारण करात सवलत देतात, तिची चौकशी सेक्रेटरींनी आधीच करून ठेवावी. पण सवलत हा जोडीचा लाभ म्हणून सांगावा. केवळ तिच्यासाठी बांधलेल्या आणि तपासणीपुरत्या भरलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. दंडाविषयी मी सावध आहे. पैसे भरले की चूक फिटली अशी भावना त्यातून तयार होते. तीन वेळा चिठ्ठी लावूनही बदल झाला नाही, तर दोघांनी घरी जाऊन अडचण विचारावी. बहुतेकदा तिथे आजारपण, नवीन कामवाली ताई किंवा मोडलेला डबा असे काहीतरी साधे कारण निघते.

लिफ्टजवळचा फळा

लिफ्टजवळ एक फळा लावून दर रविवारी खडूने दोनच आकडे लिहावेत: आठवड्यात टाकीत गेलेला ओला कचरा किती किलो, आणि त्या आठवड्यात एकही दिवस न चुकलेली घरे किती. विंगनिहाय तुलना करायची असेल तर एक काळजी घ्यावी. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरांना त्यांचा वीजवापर आणि परिसरातली सरासरी कळवली. जास्त वापरणारी घरे खाली आली, पण कमी वापरणारी घरे सरासरीकडे सरकत वर गेली. ज्या कमी वापरणाऱ्या घरांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढून दाद दिली होती, त्यांचा वापर मात्र वाढला नाही. तेव्हा पुढे असलेल्या विंगला नुसता आकडा न देता शाबासकीचा एक शब्द लिहावा, आणि मागे असलेल्या घरांची नावे कधीही फळ्यावर येऊ नयेत.

पहिले खत निघाले की ते विकण्याची घाई करू नये. चाळून एकेक किलोच्या कागदी पुड्या कराव्यात. पहिल्या पुड्या टाकी सांभाळणाऱ्या कामगाराला आणि ज्यांच्या हातून डबे भरले गेले त्या ताईंना द्याव्यात, मग प्रत्येक घरी एक पाठवावी, अजून सामील न झालेल्या घरांनाही. आमच्याकडे शेवटच्या नऊ घरांपैकी चार घरे या पुडीनंतर आपणहून आली.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ढिलाई येतेच, तिला अपयश समजू नये. दिवाळीची साफसफाई, परीक्षा, लग्नसराई आणि मे महिन्याच्या सुट्ट्या या काळात आकडा खाली येतो. तेव्हा जुनेच सांगणे मोठ्या आवाजात न सांगता काय मोडले आहे ते पाहावे: उचलण्याची वेळ बदलली का, पाला संपला का, कामगार रजेवर आहे का. जबाबदारी एकाच व्यक्तीकडे ठेवू नये, मजल्यागणिक एक घर अशी ती दर सहा महिन्यांनी फिरती असावी. भाडेकरू बदलतात त्या घरांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. नवीन कुटुंबाचे सामान उतरते त्याच दिवशी समोरच्या घराने त्यांना चहाला बोलवावे आणि निघताना झाकणावर चित्रे चिकटवलेला डबा, एक कापडी पिशवी आणि कचरा उचलण्याची वेळ लिहिलेला कागद हातात द्यावा. पहिल्या आठवड्यात ते चुकले, तर चिठ्ठी लावू नये, समोरच्यांनीच जाऊन एकदा दाखवावे.